कोकणात सेकंड हॅन्ड बी-क्लास डिझेल घ्यायची असेल तर काय काय बघायचं

नव्या टॉप मॉडेल हॅचबॅकच्या पैशात आज दहा-बारा वर्षं जुनी मर्सिडीज बी-क्लास डिझेल मिळते, त्यामुळे रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग साइडला बरेच जण ती बघायला लागलेत. घ्यावी का? घ्यावी, माझं मत पक्कं आहे, पण पुढचा तारा बघून नाही. गाडी कधी पाण्यात गेली होती का, खाऱ्या हवेनं खालून किती खाल्लीय, आणि तिला हात लावणारा माणूस घरापासून किती लांब आहे, ह्या तीन गोष्टी जमल्या तर पुढचं सगळं जमतं, आणि नाही जमल्या तर गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

आधी हीच का ते थोडक्यात सांगतो. प्रीमियम कंपन्यांच्या डिझेल हॅचबॅक आपल्याकडे मोजक्याच आल्या. मर्सिडीजची ए-क्लास आणि बी-क्लास, बीएमडब्ल्यूची ११८डी, व्होल्वोची व्ही-४०, छोटी मिनी सोडली तर संपली यादी, ऑडीनं ए-थ्री हॅचबॅक इकडे विकलीच नाही. ११८डी चालवायला सगळ्यात भारी, मागच्या चाकांवर चालणारी, ८ गिअरचा ऑटोमॅटिक, १४३ बीएचपी, पण मागे बसणाऱ्याचे गुडघे पोटात जातात, आणि त्या इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, ती वाजायला लागली की बदलायला अख्खं काम खोलावं लागतं. व्ही-४० दणकट, पण व्होल्वोनं डिझेल गाड्या बनवणंच २०२४ मध्ये बंद केलं आणि जुन्या पार्टसाठी थांबायची तयारी लागते. ए-क्लास दिसायला सुंदर पण खाली बसलेली, आमच्याकडच्या पाखाडीवजा रस्त्यांवर पोट घासणार हे नक्की.

बी-क्लास उंच आहे, दार मोठं उघडतं, सीटवर वाकून उतरावं लागत नाही तर सरळ बूड टेकवून बसता येतं, घरात म्हातारी माणसं असतील तर ही एकच गोष्ट पुरेशी आहे. डिझेल बी-१८० सीडीआय आपल्याकडे २०१३ ला आली, २१४३ सीसी, १०९ बीएचपी, २५० न्यूटन मीटर टॉर्क आणि ७ गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. २०१५ च्या फेसलिफ्टनंतर बी-२०० सीडीआय आली, तेच इंजिन पण १३६ बीएचपी आणि ३०० न्यूटन मीटर. घाटातला माणूस असाल, म्हणजे कुंभार्ली, आंबा, आंबोली चढून सारखं वर जाणं होत असेल, तर २०० शोधा, नाहीतर १८० ला कुठे अडत नाही. दोन्ही बीएस-४, अ‍ॅडब्लूची, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाची, भानगड नाही, आणि ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुन्या पेट्रोल टर्बोवाल्यांना जी चिंता लावलीय ती डिझेलवाल्यांना नाही.

गाडी बघायला जाण्याआधी एक काम करा, मेकॅनिक शोधा. गाडी नंतर, मेकॅनिक आधी. कंपनीचं वर्कशॉप आपल्या दारात नाही, गोवा, कोल्हापूर, पुणे, नवी मुंबई ह्यातलं जे जवळ पडेल ते धरायचं, आणि त्याशिवाय एक बाहेरचा माणूस पाहिजे ज्याच्याकडे मर्सिडीजचा झेन्ट्री स्कॅनर आहे, साधा ब्लूटूथवाला ओबीडी नाही. गावातल्या गॅरेजवाल्याला कमी लेखायचं नाही, ब्रेक पॅड, बुश, ऑइल बदलणं तो उत्तम करील, पण गिअरबॉक्सचं ऑइल किती तापमानाला भरायचं किंवा इंजेक्टर कोडिंग हे स्कॅनरशिवाय होत नाही. त्या माणसाला फोन करून आधीच विचारा की बाबा तू ही गाडी करतोस का, आणि घ्यायच्या आधी लिफ्टवर चढवून बघशील का. तो हो म्हणाला की मगच पुढे.

आता पाण्याचं. ह्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण आपल्या भागात हाच सगळ्यात मोठा धोका आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, महाडातही तेच, त्याआधी ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत पूर. त्यात गाड्या किती बुडाल्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. बुडालेली गाडी इन्शुरन्सवाले टोटल लॉस करतात, मग ती लिलावात जाते, कोणीतरी धुऊन पुसून सीट कव्हर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकतो, आणि गाडी चालतेही बरी, वर्षभर. नंतर एकेक कनेक्टर हिरवा पडायला लागतो.

ओळखायची कशी? गाडी रात्रभर बंद काचांची राहिलेली असताना सकाळी पहिल्यांदा दार उघडा आणि आत डोकं घालून वास घ्या. परफ्यूमचा घमघमाट असेल तर जास्त सावध व्हा. मग पुढचा सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, अगदी थांबेपर्यंत, आणि तळाचा जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही तो बघा, पुराचं पाणी आत गेलं असेल तर तिथे आडवी रेघ दिसते, मळकट तपकिरी, आणि नखानं खरवडलं तर बारीक गाळ निघतो. तो गाळ पिठासारखा मऊ असतो, धूळ तशी नसते. बेल्ट नवा कोरा असेल आणि बाकी गाडी जुनी तर तो का बदलला ते विचारा. मग सीट पूर्ण मागे-पुढे करून खालचे रूळ बघा, तिथल्या स्क्रूंना गंज नको. डिकीतलं मॅट उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, कोपऱ्यात माती, ओल, वाळू काही नको, आणि स्टेपनी कसली आहे, आहे का नाही, तेही तेव्हाच बघून घ्या. ड्रायव्हरच्या पायाजवळचं कार्पेट जरा उचलता आलं तर खालचा फोम दाबून बघा. हेडलाइट आणि टेललाइटच्या आत पाण्याची रेघ. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून पिनांचा रंग. एवढं सगळं बघायला अर्धा तास लागतो, विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

त्याबरोबर इन्शुरन्सची क्लेम हिस्टरी मागा. आधीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती होता ते बघितलं की बरंच कळतं, कारण बोनस शून्यावर आलेला असेल तर आदल्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी. क्लेम झालाय म्हणजे गाडी वाईट असं नाही, बंपर ठोकला असेल, पण कागद दाखवा म्हणायचं.

खारेपणाचं वेगळं आहे. पुरात बुडालेली गाडी टाळायची, पण खाऱ्या हवेत राहिलेली गाडी टाळून चालणार नाही कारण घेतल्यावर तुम्हीही ती तिथेच ठेवणार. प्रश्न किती खाल्लंय एवढाच. लिफ्टवर घेतल्यावर सबफ्रेम, सायलेन्सरचे हँगर, ब्रेक पाइपचे जोड, हँडब्रेकच्या मोटरचे कनेक्टर बघा, ही गाडी इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकवाली आहे, आणि मागच्या कॅलिपरवरच्या त्या मोटरा चिखल-मीठ दोन्ही खातात. वरवरचा लाल गंज असणारच. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरल्यावर पापुद्रा निघत असेल तर सोडून द्या. एसीचा कंडेन्सर पुढच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या मीठ लागून भुगा झालेल्या असतात, तसं असेल तर कंडेन्सरचे पैसे भावातून कापून घ्या. आणि गाडी पुळणीवर फिरवलेली असेल तर ती लगेच कळते, आतल्या अंडरकव्हरच्या वर वाळू साठून बसलेली असते, मालक काही म्हणू दे.

इंजिन. थंड इंजिनवरच स्टार्ट करायला मिळालं पाहिजे, म्हणून जाताना सांगून जा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. पहिल्या सेकंदांत खळखळ आवाज येऊन राहिला तर चेन आणि टेन्शनरची शंका घ्यायची, ह्या इंजिनाचीही टायमिंगची बाजू मागे गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे काम सोपं नाही. थोडा डिझेलचा ठोका आणि कंप हा असतोच, हे इंजिन गप्प कधीच नव्हतं. ऑइलचं झाकण काढून धूर किती येतो ते बघा, गाडी गरम झाल्यावर परत बघा. मग स्कॅनर, आणि स्कॅनरवर नुसते फॉल्ट कोड नाही तर इंजेक्टरचं करेक्शन, आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर त्यात काजळी किती भरलीय तेही काढून घ्या. डीपीएफ आहे का नाही हे चेसिस नंबरवरून वर्कशॉप सांगतं. मधल्या मालकानं तो कापून फेकला असेल तर गाडी सोडा, पुढे पीयूसीलाही त्रास आणि विकतानाही.

गिअरबॉक्स हा ह्या गाडीतला सगळ्यात महाग भाग. ड्युअल क्लच आहे पण ओल्या क्लचचा, म्हणजे क्लच ऑइलमध्ये चालतो, त्यामुळे ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदललं तर बरीच वर्षं जातो. साधारण ५०-६० हजारच्या पट्ट्यात ते काम झालेलं पाहिजे आणि त्याचं बिल पाहिजे. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. टेस्ट ड्राइव्हला चढावर थांबून परत उचला, ट्रॅफिकमध्ये रांगत न्या, रिव्हर्स आणि ड्राइव्ह सारखं बदलून बघा, धक्का बसतोय, उशीर लागतोय का. सपाट हायवेवर कुठलाही गिअरबॉक्स चांगलाच वाटतो, म्हणून ६६ नंबरच्या नव्या चौपदरीवर टेस्ट ड्राइव्ह घेऊन समाधान मानू नका, एखादी घाटी बघा.

डिकी मोजायला टेप नेऊ नका, आंब्याची पेटी न्या. खरंच सांगतो. कागदावर बी-क्लासची डिकी ४८० लिटरच्या वर आहे, ए-क्लासची ३४१, ११८डीची ३६०, व्ही-४० ची ३३५, पण लिटर बघून काही कळत नाही. चार-पाच डझनी लाकडी पेटी घेऊन जा आणि ठेवून बघा. बी-क्लासचं तोंड रुंद आहे आणि उंबरा खाली, त्यामुळे पेटी तिरकी न करता सरळ आत सरकते, आणि मागची सीट पाडली की एप्रिल-मेमध्ये पुण्याला पाहुण्यांकडे न्यायच्या पेट्या, फणस, कोकमाची बाटली सगळं एका खेपेत जातं. पेट्या थेट प्लास्टिकवर घासू नका, खाली गोणपाट टाका, आणि ब्लोअरचा गरम झोत मागे जाणार नाही असं बघा, हापूस बंद गाडीत फार लवकर तापतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. एनजीटीच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाच्या, २०१५ च्या आदेशानंतर दिल्लीत डिझेलला १० वर्षांची मर्यादा आली आणि तिकडच्या चांगल्या चांगल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत यायला लागल्या. भाव बघून भुरळ पडते, पण एनओसी, इकडचा रोड टॅक्स, परत रजिस्ट्रेशन हे सगळं धरून हिशेब करा, आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमएच पासिंगची, त्यातही ०६, ०७, ०८ किंवा ०९ ची मिळाली तर निम्मी डोकेदुखी गेली. गाडी नावावर करायला फॉर्म २९, ३०, लोन असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र. एम-परिवहनवर नंबर टाकून कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, बोजा आहे का ते बघा. आणि एक गोष्ट लोक विसरतात, रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०१३ ची गाडी २०२८ ला आरटीओत परत उभी करावी लागणार, तपासणी, पर्यावरण कर, मग पुढची ५ वर्षं. भाव ठरवताना हे बोलून घ्या. गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स नावावर करायला अर्ज द्या.

इन्शुरन्सवरून आठवलं, इंजिन प्रोटेक्ट कव्हर मिळत असेल तर घ्याच. साध्या पॉलिसीत इंजिनमध्ये पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकला तर कंपनी हात वर करते. आणि कव्हर असलं तरी मोरीवरून पाणी वाहतंय, पलीकडचा रस्ता दिसत नाही, तिथे थांबायचं. बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी, नुकसान त्या दुसऱ्या स्टार्टनं होतं.

घरी आणल्यावर पहिलं काम, घरातल्या सगळ्यांना गिअरचा दांडा समजवा. ह्या गाडीत मधे गिअर लिव्हर नाही, स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला बारीक दांडी आहे तीच गिअर, आणि इंडिकेटर-वायपर दोन्ही डावीकडच्या दांडीवर. आपल्या सगळ्यांच्या हाताला इंडिकेटर उजवीकडे द्यायची सवय, त्यामुळे मारुती-ह्युंदाईवरून आलेला माणूस वळताना उजवी दांडी ढकलतो आणि गाडी न्यूट्रलला जाते. चढावर, मागे एसटी असताना हे झालं तर घाबरायला होतं. शाळेच्या ग्राउंडवर किंवा रिकाम्या सड्यावर चालवायला देऊन हात बसवा, मगच रस्त्यावर.

घाट उतरताना पॅडलनं गिअर खाली आणा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. चढावर ट्रॅफिक अडलं तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच तापतो. ब्रेक पेडल थांबल्यावर आणखी जोरात दाबलं की होल्ड लागतं आणि गाडी जागेवर राहते, ते वापरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे ओल कमी नाही.

फेरीबोटीचं वेगळं सांगतो कारण दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी हे रोजचं आहे आपल्याला. बी-क्लास उंच असली तरी पुढचं नाक लांब आहे. ओहोटीला बोटीचा रॅम्प आणि जेटीचा उतार ह्यांच्यात कोन तयार होतो आणि बंपरची खालची ओठ आधी टेकते. शक्य असेल तर भरती बघून जा, नाहीतर बोटीवरच्या माणसाला खाली उभं करून तो सांगेल तसं अगदी हळू, जरा तिरकं घ्या, एका वेळी एक चाक चढेल असं. ते रोज शंभर प्रकारच्या गाड्या चढवतात, त्यांचं ऐका. उतरताना बोटीच्या पत्र्यावरचं खारं पाणी चाकांवर उडालेलं असतं, घरी गेल्यावर साध्या पाण्यानं चाकं आणि खालची बाजू धुवा, प्रेशर फार नको, कनेक्टरवर थेट झोत मारू नका.

पावसाळ्याआधी वायपरखालची जाळी उघडून पानं काढा, ही जागा तुंबली की पाणी ब्लोअरमधून आत येतं आणि कार्पेटखाली साठतं. सनरूफवाली असेल तर चारी कोपऱ्यांची भोकं मोकळी आहेत ना बघा, थोडं पाणी ओतून ते चाकांजवळून खाली येतंय का पाहायचं. लेदर सीटला जून-जुलैत बुरशी येते, गाडी आठवडाभर बंद ठेवलीत की हमखास. सुकं फडकं मारा, आणि चार दिवसांतून एकदा एसी लावून गाडी फिरवून आणा. ती फेरी नुसती बाजारापर्यंतची नको, डीपीएफवाल्या गाडीला वीसेक मिनिटं सलग ६०-७० नं धावणं लागतं, तेव्हाच आतली काजळी जळते. रोज बंदर ते घर एवढंच चालवणार असाल तर डिझेल मर्सिडीज घेऊच नका, हे मनापासून सांगतो.

माडाखाली पार्क करू नका, कारण सांगायला नको, आणि आंब्याखालीही नको, चीक रंगात उतरतो. उंदीर-घुशी वायरी खातात, पडवीला लागून गाडी लावत असाल तर बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून बघा, रात्री उघडं ठेवून आतला लाइट लावला तरी फरक पडतो.

डिझेल जिथे खप जास्त आहे अशा हायवेवरच्या पंपावरच भरा. पावसाळ्यात छोट्या पंपाच्या टाकीत पाणी मुरण्याची शक्यता असते, आणि बोटीसाठी बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल कितीही ओळखीतलं असलं तरी ह्या गाडीत नको. दीड हजार बारच्या वर प्रेशरनं इंजेक्टर काम करतात, पाण्याचे चार थेंब त्यांना पुरतात. डिझेल फिल्टर कंपनी म्हणते त्याच्या आधीच बदला, आणि इंजिन ऑइल डीपीएफवाल्या गाडीला मर्सिडीजच्या २२९.५१ ग्रेडचंच घाला, डब्यावर आकडा छापलेला असतो. दर १० हजारला बदललं तर खर्च थोडा वाढतो पण ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बो दोघंही जास्त टिकतात.

पैशांचं सांगायचं तर गाडीच्या किमतीच्या वर साधारण १५-२० टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, टायर, बॅटरी, गिअरबॉक्स ऑइल, सस्पेन्शनचे बुश ह्यातलं काहीतरी निघतंच. टायर सोळा इंचीच ठेवा, सतरा-अठराच्या दिखाऊ रिमच्या नादी लागू नका, आपल्या खड्ड्यांत उंच साइडवॉलच कामाला येते आणि असला साइज रत्नागिरी-कणकवलीतही मिळून जातो. मोठी सर्व्हिस मे च्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या, नंतर पावसाच्या तयारीची गर्दी आणि त्यामागून गणपतीला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची, तेव्हा वर्कशॉपला लिफ्ट मिळत नाही. दुसरी खेप दसऱ्यानंतर, पाऊस गेला की खालची बाजू धुऊन, वाळवून, गंजाचे डाग घासून अंडरकोटिंग मारायची, आणि ती गाडी पूर्ण सुकल्याशिवाय मारू देऊ नका, नाहीतर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडतो.